दुसऱ्या कडव्यानंतरची घंटी

संध्याकाळच्या गाडीची चाकं त्याने दुपारीच ठोकून घेतली होती. गाडी यार्डात उभी असली की लांब दांड्याची हातोडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं, हे त्याचं काम. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं आणि आवाज थोडा रेंगाळतो. आत कुठे चीर गेली असेल तर आवाज जागच्या जागी बसतो. दुसरीकडे यंत्रं आली होती, पण या यार्डात अजून सगळं कानावर चालायचं, आणि तो कान त्याचा होता. सगळे त्याला कानसेन म्हणत.

तिसऱ्या डब्यापाशी आज त्याचा हात अडखळला होता. टोला दिला, आणि क्षणभर काही आलंच नाही असं वाटलं. दुसरा दिला. खण्ण! आपलंच लक्ष नव्हतं, असं म्हणून त्याने चाकावर खडूने बरोबरची खूण केली आणि पुढे सरकला.

घरी येऊन दार उघडतो तर मांजर पायात.

"हिची घंटी बदला ना कुणीतरी!" तो चपला काढता काढता खेकसला. "चोरासारखी येते. एक दिवस माझं कंबरडं मोडणार."

"वाजते की चांगली," बायको पिशव्या घेत म्हणाली. लेक दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. दोघी बाजारात निघाल्या होत्या. "तुम्ही झोपा जरा. आम्ही येतोच."

तो झोपणार नव्हता. घर रिकामं झालं की कपाटाच्या तळाशी, जुन्या स्वेटरांच्या खाली ठेवलेली कॅसेट निघायची.

सोळा-सतरा वर्षांचा असताना ही गाणी त्याला चिकटली होती. नवी लाट म्हणायचे त्यांना. गाणारे परक्या मुलखातले, केस उभे केलेले, पुरुषांच्याही डोळ्यांत काजळ. ढोल यंत्राचा, बासरी यंत्राची, आणि गळासुद्धा यंत्रातून काढल्यासारखा. शब्द त्याला एक कळायचा नाही. पण ते लागलं की अंगात वीज खेळायची. त्यानेही साबण लावून केस उभे केले होते. त्या दिवशी वडील ताटावर बसल्या बसल्या आईला म्हणाले होते, "साळिंदर जेवायला आलंय, वाढ त्याला."

वडिलांचं एक वेळ ठीक होतं. दादाचं लागायचं. दादा मोठा, व्हायोलिन शिकणारा, घरात संगीतातलं कळणारा एकटा. पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, "ते गाणं बंद कर, नाहीतर पंप दुरुस्त करणाऱ्याला बोलाव!" पुढे केस आपोआप बसले, निम्मे गेलेही. नोकरी लागली, कानाचं नाव झालं. ज्याच्या कानावर गाड्या सुटतात तो असलं ऐकतो हे यार्डात कळलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. त्याने कॅसेट लपवली, पण टाकून दिली नाही.

आणि मग ती कामाला आली. यार्डाचे डॉक्टर काही वर्षांनी एकदा कान तपासत. वय वाढलं तसं त्याला तेवढ्यावर भरवसा ठेवावासा वाटेना. त्या कॅसेटवरच्या पहिल्या गाण्यात, दुसरं कडवं संपलं की सगळी यंत्रं एकदम थांबत, आणि त्या रिकाम्या जागेत एक घंटी वाजे. एकदाच, केसासारखी बारीक. ती ऐकू येते तोवर आपले कान शाबूत, असं त्याने ठरवून टाकलं. सुट्टीच्या दुपारी, घर रिकामं असताना, डोळे मिटून तो स्वतःची परीक्षा घ्यायचा. घंटी कधी चुकली नव्हती.

आज सुट्टी नव्हती. पण तिसऱ्या डब्याचं ते चाक डोक्यातून जाईना.

गाणं सुरू झालं, पहिलं कडवं गेलं, आणि टेपरेकॉर्डरने फीत गिळली. गायक घोगरा होत होत बंद पडला. त्याने झाकण उघडलं तर फितीचा गुंता. पेन्सिल घेऊन तो जमिनीवर बसला. नेमक्या तेव्हाच दोघी दारात उभ्या.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "आणि मी समजते हे झोपतात!"

"बाबा, हे काय?" लेकीने फितीचं भेंडोळं उचललं. वेष्टणावरचा काजळवाला पाहून ती मटकन खाली बसली. "बाबा, तुम्ही? हे?"

"ठेव ते. कामाचं आहे."

"काजळाचं काम?" बायको म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. त्याचे कान तापले. पण लेक हसता हसताच फोनवर बोटं फिरवत होती, आणि बघता बघता खोलीत तेच गाणं वाजू लागलं. लख्ख, नव्यासारखं. लाज विसरून तो पुढे सरकला. दुसरं कडवं संपत आलं. त्याने बोट वर केलं.

"आता ऐका. आता! ही घंटी."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"कुठली घंटी?"

"अगं, आत्ता वाजली ना!"

"परत लावते." पुन्हा तेच कडवं. पुन्हा त्याला स्पष्ट ऐकू आली. लेकीने फोन कानाला लावला, मान हलवली. "नाही बाबा. काहीच नाही वाजत."

"तुमचे कान गेलेत, दोघींचे," तो म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दादा खाली आला. रोज या वेळी तो चहाला यायचाच. दारातच थबकला. "हे अजून जिवंत आहे?"

"काका, तुम्हीच सांगा. बाबांना यात घंटी ऐकू येते, आम्हाला येत नाही."

दादाने चष्मा काढला. काही ऐकायचं असलं की तो चष्मा काढायचा. गाणं पुन्हा वाजलं, कडवं संपलं, त्याने बोट वर केलं आणि दादाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"यात घंटी नाही," दादा म्हणाला. "हे लोकांसमोर गायलेलं आहे. थांबून ऐक, शेवटी टाळ्या आहेत. मूळ गाण्यात असते घंटी, दुसऱ्या कडव्यानंतर. इथे नाही वाजवली त्यांनी."

"तुला काय माहीत मुळात काय आहे ते?"

दादाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "भिंत एकच होती आपली," तो म्हणाला. "ओरडायचो, पण त्या घंटीपर्यंत थांबून मग ओरडायचो."

दुसरी वेळ असती तर या वाक्यावर त्याने दादाला वर्षभर छळलं असतं. आत्ता ते नुसतं कानावरून गेलं. जी घंटी नव्हती ती त्याला ऐकू आली होती, एकदा नाही, तीनदा. मग कॅसेटवर इतकी वर्षं त्याने काय ऐकलं होतं?

"मांजराची घंटी," तो बायकोला म्हणाला. "खरंच वाजते?"

तिने मांजराकडे बघितलं. मांजर टेबलाखाली मान खाजवत होतं. पाय भराभर हलत होता, पट्ट्याची इवली घंटी थरथरताना दिसत होती. तो वाकला, कान जवळ नेला.

"वाजतेय?"

"अहो, केव्हाची वाजतेय," बायको हळूच म्हणाली.

तो उठला. दुपारच्या त्या चाकावर पहिल्या टोल्याला काही आलं नव्हतं. दुसऱ्याला आलं, कारण यायला हवं होतं.

"दादा, गाडी काढ."

निघता निघता त्याने यार्डाला फोन लावला. फोरमनच्या खोलीत घंटा जात राहिली, कुणी उचलेना. गाडी सुटायच्या आधी फोरमन फलाटावरच असतो, हे त्याला ठाऊक होतं. दादाची जुनी मोटार पहिल्याच चौकात ट्रकमागे अडकली. दादा हॉर्न वाजवत राहिला. तो खिडकीबाहेर बघत होता. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं दाबत होता.

"नोकरी जाईल का रे?" दादाने विचारलं.

"नोकरीचं नाही." तो दादाकडे वळला. "मी दुसरं काय आहे, दादा? कान सोडला तर?"

ट्रक हलला तशी दादाने मोटार फटीतून पुढे घातली.

फलाटावर माणसं चढत होती. फोरमन हातात घड्याळ धरून इंजिनापाशी उभा होता, आणि जोडीदार लंबू त्याच्याशी गप्पा मारत होता.

"कानसेन? ड्यूटी संपली ना तुझी?" फोरमनने विचारलं.

"तिसरा डबा. पुढचं चाक. परत बघायला हवं."

"खूण आहे तुझी त्यावर. मी बघितली."

"म्हणूनच म्हणतो."

फोरमन हसला. "अरे, तू पास केलंस म्हणजे झालं. लोक चढलेत. आता कुठे थांबवतोस?"

सगळं यार्ड त्याच्या त्या खडूच्या खुणेवर झोपत होतं, आणि ते त्यानेच शिकवलं होतं. मान डोलवून परत फिरणं सोपं होतं. फोरमनने शिट्टी ओठांकडे नेली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

आवाज जरा मोठाच निघाला असावा. चढणारी एक बाई वळून बघू लागली. लंबूने तोंडातली काडी काढली.

"काय येत नाही?"

"बारीक आवाज. मला तो आठवतो, ऐकू येत नाही. लंबू, हातोडी घे. मी सांगतो म्हणून नको, तुझ्या कानाने बघ."

फोरमनने शिट्टी खाली घेतली. तिघे रुळाच्या बाजूने खाली उतरले. खडूची खूण तशीच होती, ठळक, त्याच्या हातची. लंबूने टोला दिला.

खण्ण. त्याला अगदी स्वच्छ ऐकू आलं. रेंगाळलंसुद्धा.

त्याने लंबूच्या तोंडाकडे बघितलं. लंबू हसत नव्हता. त्याने शेजारच्या चाकावर टोला मारला, पुन्हा याच्यावर, मग गुडघ्यावर बसून चाकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं.

"साहेब," लंबू म्हणाला, "हा डबा काढा."

त्यानंतर पुष्कळ आरडाओरडा झाला. माणसं सामानासकट उतरवली, कुणी फोरमनच्या नावाने शिव्या दिल्या, कुणी गाडीच्या. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फोरमन जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावून गेला. काय म्हणाला ते त्या गोंगाटात कळलं नाही. त्याने खिशातला खडू काढून लंबूच्या हातावर ठेवला.

"उद्या ये ना रे," लंबू म्हणाला. "चहाला तरी."

मोटार घराकडे निघाली. मग दादा गुणगुणू लागला. आधी त्याला ओळखूच आलं नाही. व्हायोलिनवाल्या गळ्यातून ते गाणं फारच सभ्य येत होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि दादा बरोबर त्या जागी थांबला.

मोटारीत काही वाजलं नाही. त्याने बोट वर केलं. दादाने त्याच्याकडे न बघता मान डोलवली आणि तिसरं कडवं धरलं.