दुसरं खट् होईपर्यंत
दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली पेंटर म्हणूनच ओळखते. शिडीच्या टोकावर एका पायावर उभा राहून अक्षरं काढेल, पण सुई दिसली की त्याची बोबडी वळते. आणि नशीब बघा, बोटांचे सांधे धरले तेव्हा डॉक्टरांनी नेमकं दर आठवड्याला एक इंजेक्शनच लिहून दिलं. त्याने बोटं मोकळी झाली, ब्रश पुन्हा हातात आला. टोचायचं काम धाकट्या बहिणीचं. ती नर्स. हा तोंड फिरवून बसायचा आणि ती चुटकीसरशी उरकायची.

या महिन्यात बहिणीची बदली झाली. "दादा, आता तुझं तूच घ्यायचं," असं बजावून, औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन मांडीवर कसं धरायचं ते चारदा दाखवून ती गेली. इंजेक्शनं चुकत गेली तर बोटं पुन्हा आखडणार आणि शिडी कायमची भिंतीला टेकणार, हे पेंटरला कुणी सांगायला नको होतं.

पहिल्या रविवारी त्याने पेन अर्धा तास आधी फ्रिजमधून काढलं, मांडी पुसली, टेकवून दाबलं. खट् झालं आणि पेंटरने झटक्यात पेन उचललं. तीस वर्षांची सवय! रेघ संपली की ब्रश चटकन उचलायचा, नाहीतर रंग ओघळतो. इथे औषधच ओघळलं, पायावरून थेट फरशीवर. ज्या सुईला तो आयुष्यभर घाबरला तिने काही केलं नाही, त्याच्या हातानेच त्याला दगा दिला.

"पहिल्या खट्‌ला सुई आत जाते, दुसऱ्याला औषध संपतं. मधे हलायचं नाही, किती वेळा सांगितलं!" बहीण फोनवर कडाडली. डॉक्टरांना विचारून तिने कळवलं, "आता लगेच दुसरं घेऊ नकोस. पुढच्या रविवारीच घे."

तो आठवडा वाईट गेला. सकाळी बोटं वळेनात, शर्टाची बटणं बायकोने लावली. पेंटर चांगलाच घाबरला होता.

दुसऱ्या रविवारी बायको समोर स्टूल घेऊन बसली. "अहो, त्या फर्निचरवाल्याची पाटी आठवा. वीस फुटांची किनार एका दमात मारलीत. तेव्हा बरा मधेच हात उचलला नाहीत!"

पेंटरने श्वास रोखून पेन दाबलं. खट्. हात होता तिथेच ठेवून त्याने नजरेनेच समोरच्या भिंतीवर रेघ ओढायला घेतली. कॅलेंडर गेलं, घड्याळ गेलं, खिडकीची चौकट आली आणि दुसरं खट् झालं. तरी तो हलेना.

"अहो, झालं! उचला आता," बायको म्हणाली आणि तिने फोन लावला. "वन्सं, जमलं हो यांना!"

पेंटरने पेन उचललं. मांडीवर टिपूसभर रक्त, बाकी सगळं कोरडं. त्याला हसूही आलं आणि रडूही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बायको बटणं लावायला पुढे आली, तर त्याने ती आधीच लावलेली. अगदी गळ्याचंसुद्धा, जे तो एरवी कधीच लावत नाही.