नदीवाटेची मोजणी

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. नोकरीची अजून दोन वर्षं आहेत, आणि नगरपंचायतीत भिंतींना कान नसले तरी खुर्च्यांना आहेत. एवढंच सांगतो की गोंडपिपरीच्या पुढे जंगल ओलांडलं की नदी लागते आणि त्या नदीच्या काठी आम्ही आहोत. प्रभाग सतरा. त्यातले सोळा अलीकडे आणि सतरावा नदीच्या पलीकडे. हे डोकं कोणाचं ते विचारू नका, मी तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होतो.

पलीकडून अलीकडे यायला पूल आहे, पण तो अकरा किलोमीटर खाली. पावसाळ्यात लोक डोंग्यातून येतात-जातात. दिवाळी झाली की पाणी उतरतं, डोंगा रेतीला टेकतो आणि मग पात्रातून पायवाट करावी लागते. कागदावर तिचं नाव 'हिवाळी नदीवाट, देखभाल व दुरुस्ती'. गावात तिला ताराबाईची वाट म्हणतात.

ताराबाई ढिवराची, म्हणजे मासेमारांपैकी. नदीच्या अगदी काठावर तिची झोपडी, झोपडीपुढे एक करंजाचं झाड, बाकी जवळपास कोणी नाही. वाट करायचं काम आधी तिचा नवरा रामाजी करायचा. नऊ वर्षांपूर्वी तो तापाने गेला, तेव्हापासून ती करते. नगरपंचायत तिच्या हाताखाली पंधरा दिवस चार रोजंदारीची माणसं द्यायची. त्या माणसांच्या हजेरीपटावर सह्या मी घेत होतो, पण ती वाट कशी असते ते मी कधी पाहिलं नव्हतं. बाबू माणसाला नदी फाइलमध्येच दिसते.

तिला एक मुलगा आहे, गोपाल. ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याने आईला तिकडे नेलं होतं. चौथ्या दिवशी ती परत आली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथी कोनी कोनाले कुठी चाल्ली म्हून पुसतच नाई. मी पुसलं त बाया दार लावून घेत."

तिचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर चाललं होतं. वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "कुठी चालले?" आणि ऐकून घ्यायची. कोणाची सासू आजारी, कोणाच्या पोरीला पाहायला येणार, कोणाची बकरी हरवली. तिला नात्याचं असं इथे कोणी नव्हतं. वाटेवरची माणसं हेच तिचं गोत.

मागच्या वर्षाआधीच्या डिसेंबरात नगरपंचायतीला अचानक शिस्त लागली. पुढच्या वर्षाच्या कामांची यादी करायची होती. प्रभाग तीनचा सिमेंट रस्ता आणि नाली, बसस्टँडवरचं शेड, सकाळच्या जादा बसफेरीसाठी द्यायचा हिस्सा आणि शेवटी ही नदीवाट. निधी मागितला त्याच्या निम्मा आला. मग आमचा नवा इंजिनीअर प्रफुल, पोरगा हुशार, पण हुशारी अंगात मावत नव्हती, तो म्हणाला की भावनेवर नको, आकड्यावर ठरवू. नदीवाटेवरून किती माणसं जातात ते तीन दिवस मोजा. नगराध्यक्ष इंदुताईंना ते पटलं. मोजायला कोण? तर ज्याचं कुटुंब नागपूरला आणि ज्याला घरी जायची घाई नसते तो. म्हणजे मी.

मी सगळ्यांना सांगतो की दर शनिवारी नागपूरला जातो. खरं म्हणजे महिन्यातून एकदा जातो, आणि तिथेही माझी कोणी वाट पाहत असतं असं नाही. असो.

पहिल्या दिवशी मी जीपने साडेदहाला नदीवर पोचलो. खुर्ची, रजिस्टर, पाण्याची बाटली. ताराबाई काठावर उभीच होती. बुटकी, काळी, पायांच्या टाचांना अशा भेगा की त्यांत रेती बसलेली. "आले का बाबू? जेवले का?" म्हणाली. साडेदहाला कोण जेवतं? पण मला बरं वाटलं हे कबूल करतो. इतकी वर्षं त्या गावात राहून मला कोणी हे विचारलं नव्हतं.

मग तिने मला वाट दाखवली. ती आधी अनवाणी पात्रात हिंडते आणि टाच आपटून पाहते. पक्की रेती वेगळी वाजते, पाय फसणारी वेगळी. पक्की सापडली की दोन्ही बाजूंनी बांबूच्या काड्या रोवायच्या, काड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या. मधल्या रेतीवर धानाचं तणस, तोच भाताचा पेंढा, अंथरायचं, म्हणजे सायकल रुतत नाही. नदीच्या दोन धारा वाहत्या असतात, त्यांत मोठाले दगड आणि वर बांबूच्या ताट्या. दगड लावणं हे चार माणसांचं काम. बाकी सगळं तिचं. रोज सकाळी उठून विस्कटलेलं तणस सारखं करायचं तेही तिचंच.

"आणि धुकं असलं तर?" मी विचारलं.

"मंग मी डबा वाजवते ना. त्या काठाले मानूस आलं का त्याले आवाज ऐकू येते. आवाजाच्या रोखानं येते."

मी रजिस्टर उघडलं. माणूस गेलं की एक रेघ. ताराबाईला अक्षर येत नाही, पण मी रेघ ओढली की ती नदीतला एक खडा उचलून फुटक्या मडक्यात टाकायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या मडक्यात सहा खडे झाले आणि माझ्या पानावर सहा रेघा. एक मास्तर, दोन बकरीवाले, एक म्हातारं जोडपं आणि दाखल्यासाठी आलेला एक पोरगा.

दुपारी तिने विचारलं, "एवळ्यावर काय होईन बाबू?"

मी म्हटलं, "कमी आहेत बाई. एवढ्या लोकांसाठी चार माणसं देणार नाहीत."

ती उठली, डोक्यावर रिकामी टोपली घेतली आणि वाटेने पलीकडे गेली. अर्ध्या तासाने परत आली. मी एक रेघ ओढली होती. मग टोपली ठेवून काखेत घागर घेतली आणि पुन्हा निघाली. परत आल्यावर डोक्याला दुसरा फडका बांधून तिसऱ्यांदा निघाली, तेव्हा मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "बाई, मला काय खुळा समजता? एक माणूस दिवसात एकदाच धरायचं. येणं-जाणं एकच. तसा नियम आहे."

नियम मीच तिथे बसल्या बसल्या केला होता.

"हौ का," ती म्हणाली. "मंग बरं." आणि मडक्यातले दोन जास्तीचे खडे काढून तिने नदीत टाकले.

मला तेव्हा माझ्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटलं.

चार वाजता जीप मला न्यायला यायची. निघताना ती म्हणाली, "बाबू, तुमी सकाळी सहाले या ना. तवा पाहा मानसं. कापूस वेचाले बाया येतेत, अंधारातच येतेत न् अंधार झाल्यावरच जातेत. दुपारी कोन येईन इथी?"

मी म्हटलं, "ऑफिसची वेळ पावणेदहाची आहे बाई. सहाला कोण मोजतं?"

मला कळलं नव्हतं असं नाही. पुढे लोकांना सांगताना मी 'माहीत नव्हतं' असं सांगून पाहिलं, पण इथे खोटं लिहायचं नाही. कळलं होतं. थंडी होती, एवढंच. जंगलातली डिसेंबरची पहाट म्हणजे चेष्टा नव्हे, आणि सहाला जीप कोण देतो?

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही मी साडेदहालाच गेलो. ती रोज जेवले का विचारायची, गप्पा मारायची. रामाजी कसा पाण्यात उभा राहून गाणं म्हणायचा ते सांगायची. सहाचं पुन्हा एकदाही बोलली नाही. तीन दिवसांत मिळून एकोणीस माणसं झाली. प्रफुलने त्याचा रंगीत तक्ता केला. रस्त्याचा खांब ताडाएवढा आणि नदीवाटेचा गवताएवढा.

फेब्रुवारीत सभा झाली. ताराबाई सकाळपासून व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आत रस्त्यावर दीड तास भांडण झालं, बसवर अर्धा तास. नदीवाटेची पाळी आली तेव्हा निम्मे नगरसेवक उठून चहाला गेले होते. इंदुताई बाई चांगली. तिने तक्ता पाहिला आणि सरळ माझ्याकडे वळून विचारलं, "बाबू, तुम्ही स्वतः बसले होते ना? खरंच एवढेच लोक जातात?"

एक वाक्य बोलायचं होतं. ताई, सहा वाजताचे मी मोजले नाहीत. बस. प्रफुल माझ्याकडे पाहत होता, चहाला गेलेले परत येत होते, आणि तीन दिवस भत्ता घेऊन मी काय केलं हा प्रश्न निघाला असता.

"नोंदीत एवढेच आहेत, ताई," मी म्हटलं.

विषय वगळला.

बाहेर आलो तर ताराबाई उठून उभी राहिली. मी म्हटलं, "नाही झालं बाई."

"चार मानसं नाई देत?"

"नाही."

"दोन?"

मी मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. मग जाता जाता वळून विचारलं, "जेवले का?"

वर्ष गेलं. सिमेंट रस्ता झाला, शेडही झालं. जादा बस सुरू झाली, पण ती दहाची. दिवाळीनंतर एकदा मी सकाळी चौकात चहा घेत होतो. एक मालवाहू गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून पन्नासेक बाया उतरल्या, अंग आंबल्यासारख्या. सगळ्या पलीकडच्या. त्यांतली इतवारी नावाची बाई दाखल्यासाठी ऑफिसात येते म्हणून ओळखीची. तिला मी विचारलं, "गाडीने काऊन? नदीतून का नाही?"

"वाट कुठी हाये औंदा?" ती म्हणाली. "ताराबाई एकटीच दगडं ओढून राह्यली. एका धारेत झाले, दुसरीत नाई. आमी किती थांबाव? शेताच्या मालकानं गाडी लावली, अकरा कोस फेरा पडते. पहाटे चारले उठा लागते."

अकरा कोस नव्हे, अकरा किलोमीटर, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी चहा तसाच ठेवला.

त्या दिवशी नदीवर जायला हवं होतं. नाही गेलो. कोणत्या तोंडाने जाणार? डिसेंबरभर गेलो नाही. संक्रांत झाली आणि एका पहाटे पाचलाच जाग आली, मग काही केल्या झोप येईना. खोलीत एकटा पडून राहण्यापेक्षा म्हणून मोटरसायकल काढली. कोणी पाठवलं नव्हतं, रजिस्टर नव्हतं. धुकं असं होतं की दिव्याच्या उजेडातही हाताएवढाच रस्ता दिसत होता. करंजाच्या झाडाशी गाडी लावली तेव्हा सहा वाजले होते.

आणि डब्याचा आवाज येत होता.

ठण, ठण, ठण. मग थोडं थांबून पुन्हा. आवाजाच्या रोखाने मी काठापर्यंत आलो. ताराबाई घोंगडी पांघरून उभी होती, हातात डबा आणि काडी. तिच्या पायापासून पुढे वाट सुरू होत होती. नवं पिवळं तणस, काड्या, काड्यांना चिंध्या. दुसऱ्या धारेतले दगडही लागले होते. एकटीने कसे लावले असतील देव जाणे. एकेक आणून लावला असेल, आणि तोवर पौष उजाडला असेल. पूर्ण वाट तयार होती आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कोन हाये? कुठी चालले?" तिने धुक्यात विचारलं.

"मी बाई. बाबू."

"बाबू? सहाले?" ती थोडी हसली. "कुठी चालले?"

मला कुठेच जायचं नव्हतं. पण तिच्या आवाजात असं काही होतं की कुठेच नाही असं सांगवेना. "पलीकडे," मी म्हटलं.

"जा मंग. काड्यांच्या मधातून चाला. दुसऱ्या धारेतला तिसरा दगड हालते."

मी गेलो. तणस पायाखाली कोरडं होतं, कोणी तुडवलेलं नव्हतं. मागून डबा वाजत होता. पलीकडे पोचलो, काठावर उभा राहिलो. कोणी नव्हतं. कोणी येणार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी थंडीवर ढकललं आणि आवाजाच्या रोखाने परत फिरलो. तिसरा दगड हलला.

झोपडीच्या दाराशी तेच फुटकं मडकं होतं. मी गेलो तेव्हा तिने त्यात एक खडा टाकला असावा. वाकून पाहिलं तर आत सात खडे.

"आज सात गेले?" मी विचारलं.

"आज नाई. वाट झाली तवापासून."

मी खाली वाकून एक खडा उचलला आणि म्हटलं, "मी परत आलो ना. आणखी एक टाका."

तिने माझ्या हातातला खडा घेतला आणि बाजूला ठेवला. टोमणा नव्हता, राग नव्हता. शिकवलेलं चोख लक्षात ठेवलं होतं, एवढंच.

"नाई बाबू. येनं-जानं एकच. तुमीच सांगतलं होतं ना," ती म्हणाली आणि डबा पुन्हा हातात घेतला. "उद्या याल त उद्याचा अलग."