टोकाला हलकी तलवार

आमच्या मामंजींना कुणी "काय करता?" असं विचारलं की ते "म्यानं करतो" एवढंच सांगतात. समोरचा माणूस हटकून विचारतो, "आणि तलवारी?" झालं! त्या बिचाऱ्याचा पुढचा तास गेलाच म्हणून समजा. "तलवार काय हो, कुणीही ठोकेल," इथून जी गाडी सुटते ती कुठल्या मुलखात थांबेल याचा नेम नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, कुठेतरी उंदीर मेलाय. सगळी कपाटं हलवली, पलंगाखाली वाकून पाहिलं. शेवटी कळलं की तो कातडी-हाडं शिजवून केलेल्या सरसाचा वास. लाकडाच्या दोन पट्ट्या आतून कोरायच्या, सरसाने एकमेकींना चिकटवायच्या, वरून ओलं कातडं ताणून पाठीमागे शिवायचं, टोकाला पितळी टोपण घालायचं, की झालं म्यान. हे सगळं बाहेरच्या खोलीत चालतं असं म्हणायचं, पण ते हळूहळू स्वयंपाकघरापर्यंत सरकत येतं. लोकांच्या खिडकीत मिरच्या वाळतात, माझ्या खिडकीत म्यानं वाळतात. गिऱ्हाईक म्हणजे नाटकवाले, संग्रहालयवाले, आणि घरात भिंत रिकामी दिसते म्हणून जुन्या धाटणीची तलवार टांगणारे हौशी लोक.

मामंजींचं म्हणणं असं की माणसं कुठे आणि कशी राहतात ते त्यांच्या शस्त्रावरून कळतं. जुन्या काळी युरोपातला सरदार अंगभर लोखंडी पत्रे घालून लढायचा. त्याला वाकड्या तलवारीने कापणार काय, डोंबल? त्यासाठी सरळ आणि टोकदार तलवार, काखेत किंवा मानेशी जिथे सांधा दिसेल तिथे खुपसायची. पत्रे आणखी जाड झाले तसे तिकडच्यांनी हातोडे आणि गदा बाहेर काढल्या. कापता येत नाही ना, मग ठोका. उन्हाच्या देशात तेवढं लोखंड अंगावर घातलं तर शत्रूची गरजच नाही, माणूस आतल्या आत शिजेल. म्हणून तिथे कड्यांची चिलखतं, कापूस भरलेले अंगरखे, आणि घोड्यावरून जाता जाता ओढून कापणारी बाकदार तलवार. त्यातही इराणी बारीक आणि खूप वाकलेली. तुर्की कमी वाकते, पण टोकाकडे रुंद आणि जड होते, त्यामुळे तिचा वार कुऱ्हाडीसारखा बसतो. धनुष्याचंही तसंच. कोरड्या मुलखात शिंग आणि लाकूड सरसाने जोडून आखूड धनुष्य करत, पण दमट हवेत सरस सुटतो, म्हणून तिथे एकाच लाकडाचं लांबलचक.

"भाला मात्र सगळीकडे सारखाच," मामंजी म्हणतात. "कारण शिपाई सगळीकडे गरीब. एक काठी आणि एक टोक, एवढंच परवडतं त्याला."

मी हे इतक्या वेळा ऐकलंय की पोळ्या लाटता लाटता परीक्षा देऊ शकेन. ते माणसांनाही असंच तोलतात. माझ्या आईला त्यांनी पहिल्याच भेटीत "सरळ, दुधारी" ठरवलं, आणि आई अजून ते कौतुक समजते. माझ्याबद्दल काय ठरवलंय ते मी विचारत नाही. विचारलं तर खरं सांगतील. शस्त्रांच्या बाबतीत हा माणूस कुणाची भीड ठेवत नाही, आणि त्यापायीच सख्ख्या भावाशी वैर घेऊन बसला.

धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, तलवारी करतात. भट्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोघंही एकाच बापाच्या हाताखाली शिकले. एकाने पातं उचललं, दुसऱ्याने म्यान. बरी चालली होती जोडी. मग एकदा भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, काकांनी नवीन तलवार दाखवली आणि मामंजी मोठ्याने म्हणाले, "अरे, पातं इराणचं आणि मूठ तुर्कांची! हा घोडेस्वार जन्मला कुठे नि मेला कुठे?" गिऱ्हाइकं हसली. काका लालबुंद झाले. म्हणाले, "तू पिशव्या शिव. तलवारीच्या पिशव्या. त्यापलीकडे तुझी अक्कल चालवू नकोस." संपलं. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती, आता ती मला गाडी चालवायला शिकवते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे एका गावात दोन म्हातारे राहत नव्हते.

बरं, बोलणं बंद झालं तरी काम थोडंच बंद होतंय? म्यान पात्यावरच बेतावं लागतं आणि गिऱ्हाईक दोन्ही एकत्र मागतं. मग पातं इकडून तिकडे नेणार कोण? सूनबाई! जुन्या चादरीत गुंडाळलेली तलवार मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसायची. शेजारचा विचारायचा, "पडद्याचा दांडा का?" मी म्हणायची, "हो." आणखी काय सांगणार?

निरोपही माझ्याच तोंडून. "सांग त्या लोहाराला, पात्याची पाठ जाड ठेवलीय." मी तिकडे जाऊन म्हणायची, "मामंजी म्हणाले, पाठ भक्कम आहे." काका गुरगुरायचे, "सांग त्या पिशवीवाल्याला, आधी चष्मा बदल म्हणावं." मी घरी येऊन सांगायची, "काकांनी तुमच्या डोळ्यांची चौकशी केली." मामंजी क्षणभर खूश व्हायचे आणि मग संशयाने माझ्याकडे बघायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. नवरा म्हणायचा, "तू कशाला पडतेस मध्ये?" अरे, मी पडले नाही, मला ढकललंय! पण खरं सांगायचं तर मला धडकी भरायची. मामंजींची छाती थंडीत घरघरते, काकाही आता तरुण नाहीत. यातला एक असाच न बोलता गेला तर मागे राहिलेल्याला मी कसं सांभाळू, हा विचार माझ्या डोक्यातून जात नसे.

यंदा एका नाटक कंपनीने तुर्की घोडेस्वाराची तलवार मागवली, म्यानासकट. मामंजी उजळले. तुर्की म्यान म्हणजे कसोटी. पात्याचं टोक रुंद, मग ते अरुंद तोंडातून जायचं कसं? त्यासाठी म्यानाच्या पाठीला, वरच्या बाजूने, चीर ठेवावी लागते. पण काकांकडून पातं काही येईना. मी दोनदा जाऊन आले. "होतंय," एवढंच उत्तर. नाटकाचा दिवस जवळ येत चालला आणि मामंजींनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. पातं हातात नसताना म्यान करायला घेतलं.

"अहो मामंजी, तुम्हीच म्हणता ना, म्यान पात्यावर बेतायचं?"

"त्याचा हात मला पाठ आहे. तुर्की पातं तो कसं ठोकणार ते मला झोपेतही सांगता येईल. टोकाला इतकं रुंद, आणि वजन असं की मनगट खाली गेलं पाहिजे."

म्यान झालं सुरेख. काळं कातडं, सरळ टाके, पितळेची पट्टी घासून लखलखीत. त्यानंतर काकांचं पातं तयार झालं आणि मी ते चादरीत गुंडाळून आणलं.

मामंजींनी पातं आत सरकवलं. म्यानाची कसोटी अशी, की उलटं धरलं तर तलवार पडू नये आणि अंगठ्याने रेटलं तर अडू नये. त्यांनी म्यान जरासं तिरपं केलं मात्र, तलवार खडखडत बाहेर आली आणि माझ्या डाळीच्या डब्यावर आदळली.

"बघ!" मामंजी ओरडले. "बघ बघ! हिला तुर्की म्हणतात? सांग त्याला, आता हा घोडेस्वार कुठला? सुरीवाला आहे हा, भाजी चिरणारा!" आनंद नुसता ओसंडत होता. इतक्या वर्षांनी पुन्हा सापडला होता भाऊ कात्रीत. मी डब्याचं झाकण शोधत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आणखी दहा वर्षांची निश्चिंती.

मग त्यांनी तलवार उचलून तळव्यावर तोलली. पुन्हा तोलली. खिडकीशी नेऊन पात्यावरून अंगठा फिरवला, नाकाला लावतील इतकं जवळ धरलं. त्यांचं हसू केव्हा गेलं ते मला कळलं नाही.

"सूनबाई, हे बघ," ते म्हणाले. पात्यावर, नीट घासूनही, उजेडात बारीक बारीक खळगे दिसत होते, एकमेकांना लागून, कितीतरी. "हे छोट्या हातोडीचे घाव आहेत. तो मोठ्या घणाने तीन घावांत टोक पसरवायचा. मी पाहिलंय. बाबासुद्धा थांबून बघायचे." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्याचा खांदा कसा आहे?"

"खांदा?"

"उजवा. तू दर वेळी जातेस. पाहिलं नाहीस?"

मी आठवायला लागले आणि मला एकदम आठवलं. काकांनी या वेळी पातं माझ्या हातात डाव्या हाताने दिलं होतं. दार काकूंनी उघडलं होतं. पाण्याचा तांब्याही काकूंनीच उचलून पुढे केला होता, एरवी काका कुणाला हात लावू देत नाहीत. मी हे सगळं सांगितलं. मामंजी ऐकत राहिले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते देखणं म्यान कपाटाच्या मागे टाकलं आणि नवीन लाकूड कापायला घेतलं. पात्याला काजळी लावायची, आत सरकवायचं, बाहेर काढायचं, जिथे काळं उमटलं तिथे पटाशीने केसभर खरवडायचं. पुन्हा काजळी. माझे दोन पोतेरे आणि एक चांगला टॉवेल त्यात गेला. मी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं, पण गप्प बसले. म्यान सडपातळ झालं, चिरेची गरजच उरली नाही.

"आणा, पोचवते," मी म्हटलं.

"मी नेतो."

"तुम्ही? कुठे?"

"भट्टीवर. रस्ता विसरलो नाही अजून."

मी अर्थातच मागे गेले. बसमध्ये मामंजी चादरीचं बोचकं मांडीवर घेऊन बसले. शेजाऱ्याने विचारलं, "पडद्याचा दांडा का आजोबा?" आणि मामंजींनी त्याला दोन थांब्यांपर्यंत घोडेस्वार समजावून सांगितले. मी खिडकीबाहेर बघत बसले, ओळख नसल्यासारखी.

भट्टीत काका स्टुलावर बसले होते. विस्तव जेमतेम होता. मोठा घण कोपऱ्यात उभा आणि त्यावर कुणाचा तरी सदरा वाळत घातलेला. मामंजींनी तो पाहिला. काकांनी त्यांना पाहताना पाहिलं. काकू पदर तोंडाशी धरून दारात थांबल्या.

"काय, हसायला आलास?" काका म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य!

"म्यान द्यायला आलोय."

"मग बोल की. सगळ्यांसमोर बोलायची सवय आहे ना तुला? सांग, कुठल्या मुलखाची झालीय ती?"

मामंजींनी तलवार म्यानातून काढली. टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा मुठीपर्यंत आले. माझा जीव टांगणीला. म्हटलं देवा, आज तरी या माणसाच्या जिभेला आवर घाल.

"तुर्कीच आहे," मामंजी म्हणाले. "पण डोंगराकडची. तिकडच्या स्वारांच्या तलवारी टोकाला हलक्याच असायच्या. वरखाली चढायचं असे ना, वजन नको व्हायचं. फारशी कुणाला माहिती नसते."

असं काही नव्हतं! डोंगराकडची म्हणून काही तुर्की तलवार नव्हती. हलक्या टोकाची तर नव्हतीच नव्हती. एवढी वर्षं पोळ्यांबरोबर गिळलंय मी ते सगळं, मला फसवता का? आणि काकांना तर ते माझ्याहून पक्कं ठाऊक. एकाच बापाकडे शिकलेले दोघं.

काकांनी मान वर करून मोठ्या भावाकडे पाहिलं.

"दादा," ते म्हणाले, "खोटं बोलायला कधी शिकलास?"

"आत्ताच," मामंजी म्हणाले. "जमलं का?"

"नाही." काकांनी डाव्या हाताने डोळे पुसले. मग मामंजींचा हात धरला, ओढून आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि लहान मुलासारखं म्हणाले, "इथे दुखतं रे."