सूर तुटू द्यायचा नाही

लडाखच्या पोस्टिंगआधी माझा आवाज असा होता की मी खांदा कॉलनीत खोकलो तर पलीकडच्या कोन गावातली कुत्री उठायची. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा. आता एक जिना चढलो तरी धाप लागते.

आमच्या पोस्टखाली एक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ होता. सकाळ-संध्याकाळ त्याच्या गच्चीवर दोन लामा तांब्याचे दोन कर्णे फुंकायचे. कर्णे इतके लांब की इकडून फुंकलं तर आवाज तिकडून निघेपर्यंत चहा उकळायचा. आमचा हवालदार जना उरणच्या कोळ्यांतला. पहिल्याच सकाळी तो ताडकन उठून बसला. "बंदरान बोट लागली रं!" तेव्हापासून आमच्यात कर्ण्याला 'बोट'च म्हणायचे.

फुंकायला दोघं कशाला, असं विचारलं तर थोरला लामा म्हणाला, "एक की साँस टूटे, तो दूसरा पकड़े." मंत्र असो की कर्णा, सूर मध्ये तुटता कामा नये.

त्या हिवाळ्यात जना चौघांना घेऊन गस्तीवर गेला. परतताना व्हाइटआउट, बर्फाच्या वादळात जमीन-आभाळ एकच पांढरं. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"हाताचा पंजा दिसत नाय. दिशा द्या. ओव्हर."

रेडिओ पाठीवर टाकून मी गोम्पाकडे धावलो. धाकटा लामा तापानं फणफणलेला. थोरला एकटाच फुंकू लागला.

"बोट आयकू येतंय. पन मधी तुटतंय. तुटली का वाट चुकतंय. ओव्हर."

थोरल्यानं दुसरा कर्णा माझ्याकडे सरकवला. "पकड़, फौजी." मी फुंकलं. म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघाला.

"ही बोट नाय. ह्यो तूच रं. ओव्हर."

"चालत राहा. ओव्हर."

"येताव. थांबू नको."

चौघे आले. पाचही जणांना कमरेशी जोडणाऱ्या दोराचं मागचं टोक कापलेलं होतं. बर्फ खचला, शेवटी असलेला जना कड्यावरून लोंबकळला, बाकीचे ओढले जाऊ लागले. सुरी त्यानंच चालवली. लान्स नायकनं एवढंच सांगितलं.

मी कर्णा खाली ठेवला. लामानं तो परत माझ्या हातात दिला. "वो अभी सुन रहा है." अंधार पडेपर्यंत आम्ही फुंकत राहिलो. रेडिओवर काही आलं नाही.

दरवर्षी त्या दिवशी आमच्या नवीन पनवेलच्या विहारात वंदना होते. जनाची बायको, मंदावहिनी, उरणहून येतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, "त्यांना आयकू जात व्हता का वो, भावजी?"

"शेवटपर्यंत, वहिनी."

माझी फुगवून सांगायची सवय त्यांना ठाऊक. त्या वंदनेला माझ्या शेजारी बसल्या.

हल्ली वंदना म्हणताना माझा श्वास अर्ध्या ओळीतच तुटतो. तोवर पुढची ओळ वहिनींनी धरलेली असते.