पथरीखालचा हात

माझ्या नवऱ्याचं एक ठाम म्हणणं होतं, त्यांच्या बापापासून आलेलं: वस्तऱ्याला धार लावायची पथरी डाव्या तळहातावरच धरायची. फळीवर ठेवली की दाब कळत नाही, वस्तरा दडपला जातो नि धार मुडपते. आम्ही न्हावी. घरात दुसरं काही नसलं तरी ही अक्कल भरपूर होती.

बीटी कपाशी आली तेव्हा सगळे म्हणायचे, आता फवारणीची कटकट गेली. कुठची जाते! अळी थांबली तर मावा-तुडतुडे आले. कपाशीचं पीक हाती लागेना, खिशात पैसा नाही, तशा गावातल्या दाढ्या लांबत गेल्या. दुकानात माशा मारण्यापेक्षा बरं म्हणून हे दुसरबीडकडच्या एका वावरात फवारायला गेले. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारलं, सगळं औषध अंगावर आलं आणि दुपारी चक्कर येऊन पडले. दवाखान्यातून जिवंत परत आले, पण डावा हात थरथरतच राहिला. तो हात हे सगळ्यांपासून लपवायचे, माझ्यापासूनसुद्धा. खिशात हात घालून फिरायचे, जसे काही गावचे पाटीलच!

अशात शेजारच्या घरातून जावळाचं बोलावणं आलं. लग्नानंतर किती वर्षांनी झालेलं पोरगं! टाळू अजून भरली नव्हती. तिथं वस्तरा लागला असता तर पोराचं काय झालं असतं, देव जाणे. आणि यांच्यापुढं पुन्हा कुणी मान वाकवली नसती. मी म्हटलं, "नाही म्हना ना."

"जावळाले नाही म्हनू? मंग ही वस्तऱ्याची धोकटी नदीत फेकून देऊ काय?"

त्या सकाळी यांनी पथरी हातावर घेतली तर ती नाचायलाच लागली. मग फळीवर ओलं पोतं टाकून त्यावर ठेवली. धार मुडपलीच. यांनी फळी अंगणात भिरकावली. मला राग आला, रडूही आलं. मी समोर मांडी घालून बसले नि तळहात पुढं केला.

"ठेवा इथं."

"बोटं खाली ठेव. वर आली तं जातीन."

"माहीत हाय. चालवा."

वस्तरा माझ्या हातावरच्या पथरीवरून जायचा, उलटा व्हायचा, परत यायचा. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटली मेली! पण मी हलले नाही. शेवटी यांनी मनगटावरचे केस कापून पाहिले आणि मान डोलावली.

जावळाला पोरगं मामाच्या मांडीवर बसलं होतं. यांनी डाव्या हातानं डोकं धरलं मात्र, मामानं पाहिलंच.

"काका, हात काऊन थरथरून राह्यला?"

हे वस्तरा उचलून तसेच बसलेले. मला बघवेना. मी उठले.

"डोक्सं मी धरते."

"अवं, बाईनं धरलेलं कधी पाह्यलं नाही आमी," पोराची आजी म्हणाली.

"जलमल्यापासून याले तेल लावून न्हाऊ कोन घालते आजी? मीच ना? तवा चाललं."

मी पोराच्या डोक्याखाली तळहात लावला, पथरीला लावला होता तस्साच. बोटं खाली. वस्तरा सरकू लागला. केस मामाच्या धोतरावर पडत होते. टाळू धकधक उडताना दिसत होती. वस्तरा तिच्याजवळ आला.

आणि पोरगं शिंकलं.

डोकं वर उसळलं. माझा अंगठा कधी वर, टाळूपाशी गेला, मलाच कळलं नाही. यांनी वस्तरा झटकन मागं घेतला, पण अंगठ्यात आग झाली. मी मूठ मिटली, पदरात लपवली नि दुसऱ्या हातानं डोकं धरलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थोडंसं राह्यलं," मी म्हटलं. "करा पुरं."

यांनी पुरं केलं. आजीनं पोराच्या तुळतुळीत डोक्यावर हळद लावली, कुठं ओरखडासुद्धा नव्हता. आम्हाला नारळ मिळाला.

घरी आल्यावर यांनी माझी मूठ उघडली. पदर रक्तानं चिंब झाला होता.

"बोटं खाली ठेव म्हनलं होतं ना तुले?" हे ओरडले.

"पथरी शिंकते काय?" मी म्हटलं.

हे हसायला गेले आणि रडायलाच लागले. मग खिशातला डावा हात बाहेर काढला आणि थरथरत्या बोटांनी माझ्या अंगठ्याला चिंधी बांधत बसले. गाठ काही केल्या बसत नव्हती. मी हात पुढं धरून ठेवला.