तीन बागा आणि माझं काळं कापड

आमच्या गल्लीतली तीन मराठी घरं चहाला जमली की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. हल्ली सगळेच माझ्या काळ्या कापडापाशी येऊन थांबतात, तेव्हा मीच सांगून टाकते.

माझ्या लहानपणचं सौदी म्हणजे रियाधची वाळू. त्यामुळे नेदरलँड्समध्ये मातीचा अभ्यास करून परतले, ती वाळवंट हिरवं करायला! पण तोवर बाबांची बदली सौदीच्याच दक्षिणेतल्या खमीस मुशैतला झालेली. इथे पाहते तर डोंगर, धुकं, पाऊस आणि बागेत गुडघाभर तण. सगळे ते औषध फवारून मारत होते.

"विष बंद!" मी जाहीर केलं आणि वीड मॅटचे, म्हणजे तण दाबणाऱ्या काळ्या कापडाचे रोल आणले. कापडातून पाणी झिरपतं, पण उजेड जात नाही, म्हणून तण मरतं. तिन्ही घरांच्या बागा मी स्वतः झाकल्या.

बाबा म्हणाले, "स्वतःला ड्रेस घेताना सेलची वाट बघतेस, आणि मातीला नवं कोरं?"

* * *

शेजारचे रशीदभाई मूळचे श्रीवर्धनचे. त्यांचं इथे हार्डवेअरचं दुकान आहे. महिन्याभरात त्यांचा फोन आला, "ताई, बागेत या जरा."

कापडातून लव्हाळा वर आला होता, सुईसारखा सरळ! मी भिंग लावून पाहिलं. एवढ्याशा कोवळ्या टोकाने विणीतले धागे बाजूला सारले होते, आणि एकही तुटला नव्हता. मी तिथेच बसून राहिले.

"कापड एक नंबर हाय," रशीदभाई म्हणाले, "फक्त लव्हाळ्याला कुणी सांगितलं नाय!"

* * *

मग धुळीचं वादळ आलं. कापडावर बोटभर माती साचली, त्यावर पाऊस पडला, आणि आठवड्यात समोरच्या जोशीकाकूंच्या कापडावर, हो, कापडाच्या वर, घोळ उगवली. हिरवीगार, रसरशीत! मी थक्क. काकूंनी ती खुडून डाळ घालून भाजी केली आणि डबा आणून दिला.

"तुझी तणाविरुद्धची चळवळ फार चविष्ट आहे हं!"

* * *

रशीदभाईंच्या बायको सकीनाभाभी या सगळ्यात इथे नव्हत्या. आई आजारी म्हणून चार महिने माहेरी होत्या. आई गेली, मग परतल्या. बॅग दारातच ठेवून त्या बागेतल्या भिंतीच्या कोपऱ्याकडे गेल्या.

"इथं काय टाकलंस गो?"

"भाभी, तिथे काही नव्हतं. रिकामी माती होती."

"रिकामी? माझा भुईचाफा निजला होता तिथं! आईने दिलेला कंद. थंडीत पानं टाकतो, जमिनीवर काय दिसत नाय. मग आधी फूल येतं, मागून पान."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "ताई शिकलेल्या..." रशीदभाई पुटपुटले.

मातीची पदवी घेतलेली मी गुडघ्यांवर बसले. एकेक खिळा उपसून कापड उचललं.

आधी वास आला. मग दिसली सात फुलं. पांढरी, जांभळ्या छटेची, कापडाने दाबून चपटी झालेली. त्या अंधारात सगळी उमललेली!

भाभी खाली वाकल्या आणि हलकेच म्हणाल्या, "आले रे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेतली आणि जोशीकाकूंची बेल वाजवली.

"काकू, तुमच्या कापडाखाली कोण निजलंय?"