बोर्ड रिकामा होईपर्यंत

गाण्यात सगळ्यांची नावं आहेत, मग दादाचं का नाही? हे मी आमच्या बँडच्या मंडळींना किती वेळा विचारलं असेल. दादा म्हणायचा, "चहा आण." बापटकाका चष्मा पुसायचे. नीलेशभाऊ गिटार सुरात लावत बसायचा. विषय बदलायला प्रत्येक जण एखादा किस्सा सांगायचा. तसे ते साचत गेले.

दादाला जाऊन चाळीस दिवस झाले. मी नववी नापास, लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण या गाण्याचा इतिहास परवा एक जण मलाच सांगत होता, आणि सगळा चुकीचा.

*

गाणं जन्मलं इकडे परदेशात, जहाज दुरुस्तीच्या यार्डात. जहाजाच्या टाकीत उतरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा टॅग बाहेरच्या बोर्डावर लावायचा, वर आला की काढायचा. बोर्ड रिकामा झाल्याशिवाय टाकीचं झाकण लागत नाही. बोर्डापाशी एक माणूस दिवसभर उभा असतो. त्याने जागा सोडायची नाही. तो माणूस म्हणजे माझा दादा, सुहास.

उभं राहून पाय दुखायचे म्हणून तो नावं चालीत घ्यायला लागला. "गणपत आत, सेल्वम आत, बोर्ड बघतोय वाट." चाल अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या गाण्यांसारखी, तो फोनवर तसलंच ऐकायचा. नाव घेतलं की आतून उत्तर यायचं, "आहे." सेल्वमला मराठीतला तेवढाच शब्द यायचा.

एकदा सुपरवायझर येऊन उभा राहिला. म्हणाला, "हे काय चाललंय?"

दादा म्हणाला, "सेफ्टी, सर."

सुपरवायझरने पूर्ण गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, शेजारच्या जहाजावरही शिकव.

*

नीलेशभाऊ वन-नॉर्थला एका ऑफिसात अकाउंटंट. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये दादा जेवता जेवता गुणगुणत होता आणि हा शेजारच्या टेबलावर. ताट उचलून आमच्याकडेच येऊन बसला.

"अहो, हे कंट्री-पॉप आहे. फक्त यात तीन गोष्टी हव्यात. ट्रक, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको."

दादाने घास संपवला. "ट्रक कंपनीचा आहे. डॉर्मिटरीत कुत्रा चालत नाही. आणि माझं लग्नच जमत नाही, सोडून कोण जाणार?"

नीलेशभाऊ म्हणाला, "मग नावंच राहू द्या."

*

ढोलकीवर बापटकाका. पंचवीस वर्षं जहाजावर इंजिनिअर, आता बेडोकला फ्लॅट घेऊन राहतात. त्यांचं एकच म्हणणं, "इंजिन घाई करत नाही. आपणही करायची नाही." त्यामुळे आमचं गाणं अगदी बैलगाडीसारखं चालायचं.

एका रविवारी प्रॅक्टिस चालू असताना शेजारच्या चिनी आंटी दारात आल्या. तक्रार घेऊन आल्या असं वाटून काकांनी हात जोडले. "सॉरी, सॉरी, आता बंद करतो."

आंटी म्हणाल्या, "नो, नो. सॉंग गुड. ड्रम टू स्लो, लाह."

काका दोन दिवस ढोलकीला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ढोलकी जलद झाली. आज सगळ्यांच्या फोनवर फिरतंय ते हेच, आंटींचं गाणं.

*

स्टेजवर बोर्ड न्यायची कल्पना दादाची. तीन टॅग लावायचे, काका, नीलेशभाऊ आणि मी. शेवटच्या कडव्यात दादा एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं त्याने "आहे" म्हणायचं आणि आपला टॅग काढायचा. बोर्ड रिकामा झाला की दादा म्हणायचा, "बोर्ड रिकामा. झाकण लावा." मग दिवे बंद.

लोकांना ते इतकं आवडलं की लग्नांतून, बारशांतून दुसरेही म्हणायला लागले. अशाच एका लग्नात निवेदक म्हणाला, "आता एक पारंपरिक गीत. कवी अज्ञात."

दादा तेव्हा हॉस्पिटलात होता. मी वाढपी म्हणून गेलो होतो. हातातली बासुंदीची बादली खाली ठेवली आणि माइक ओढून घेतला. "अज्ञात नाही. सहा नंबरच्या वॉर्डात आहे, आणि तिथल्या जेवणात मीठ कमी असतं."

वाढप्याचं रात्रीचं काम गेलं. दादाला सांगितलं तर तो खोकला येईपर्यंत हसला. मग विचारलं, "नाव सांगितलंस का माझं?"

"नाही, गडबडीत राहिलं."

"बरं झालं."

*

दादा गेल्यावर त्याच्यासाठी तोआ पायोहच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. बापटकाका म्हणाले, "बाकी सगळं वाजवू. ते गाणं नको. मोजणाराच नाही."

मी म्हटलं, "मी मोजतो."

"तुला सूर तरी आहे का?"

"सूर दादाकडे होता. माझ्याकडे आवाज आहे. तुम्ही वाजवा नाहीतर नका वाजवू, मी म्हणणार."

काकांनी ढोलकी जवळ ओढली.

यार्डातून दादाचं सामान आलं होतं. बूट, हेल्मेट, टॅग. तो टॅग मी स्टेजवरच्या बोर्डावर सगळ्यात वर लावला, कुणाला न विचारता. गाणं बरं झालं. दोन ठिकाणी माझा आवाज फाटला, पण थांबलो नाही. शेवटच्या कडव्यात काकांचं नाव घेतलं. "आहे." त्यांनी टॅग काढला. नीलेशभाऊचं घेतलं. "आहे." त्यानेही काढला. माझं मीच घेतलं, मीच काढला.

मग मी म्हटलं, "सुहास."

ढोलकी थांबली. दिवेवाला बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. काका हळूच म्हणाले, "चल रे, झालं."

मी जागा सोडली नाही. पुन्हा म्हटलं, "सुहास." तिसऱ्यांदा म्हटलं. हॉलमध्ये मागून कुठूनतरी सेल्वमचा आवाज आला, "आहे."

मी दादाचा टॅग काढला, माझ्या खिशात घातला आणि माइकवर सांगितलं, "बोर्ड रिकामा. झाकण लावा."